सहा नंबरचं काडतूस

दुकानदारानं बंदूक मामंजींच्या पुढं धरली. मामंजींनी हात मागं बांधले होते, ते सोडलेच नाहीत.

"माझ्याकडं नको," ते म्हणाले. "परवाना हिच्या नावाचा हाय."

पोतनीसांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. कोल्हापुरात त्यांच्या आजोबांपासून बंदुकांचं दुकान होतं, पण डोक्यावर पदर घेतलेली बाई स्वतःसाठी बंदूक बघायला आलीय असं त्यांनी पूर्वी पाहिलं नसावं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. साल चौऱ्याहत्तर, श्रावण चालू होता. माझी तीन वर्षांची मंगल थोरल्या जावेकडं ठेवून आम्ही पहाटेच्या एस.टी.नं आलो होतो.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पलटणीतून सुभेदार होऊन घरी आलेले. माझे मालक हिंदुराव त्यांच्याच पलटणीत, त्या वेळी आसामकडं. वर्षातून दोन महिने घरी यायचे. आजऱ्याजवळ शेळवाडीत आमचं घर. तिथं थोरले दीर बळवंत, त्यांची बायको तानाक्का आणि त्यांची तीन पोरं राहायची. मी, मंगल आणि मामंजी शेतातल्या घरात, गावापासून पाऊण कोसावर.

बंदुकीच्या अर्जात कारण लिहिलं होतं, शेतीचं रक्षण आणि घराचं रक्षण. दोन्ही खरं होतं. रानडुकरं रात्रीतून भुईमुगाचा वाफाच्या वाफा उकरून टाकायची, आणि त्याच वर्षी माघात पलीकडच्या मळ्यात दरोडा पडून एका म्हातारीच्या कानातल्या बुगड्या कानासकट ओढून नेल्या होत्या. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून परवाना माझ्या नावावर, असं त्यांनी कचेरीत सांगितलं होतं, मलाही तेच सांगितलं होतं.

"दुनळी घ्या," पोतनीस म्हणाले. "एक बार चुकला तर दुसरा हाताशी असतो."

मी दुनळी खांद्याला लावली. नळीचं टोक हळूहळू खाली गेलं, वर आणलं तरी पुन्हा गेलं.

"जड हाय," मामंजी म्हणाले. "एकनळी दावा."

एकनळी हलकी होती. मामंजींनी माझा हात कोपरात वाकवायला सांगितला आणि बंदुकीचा दस्ता कोपराच्या खळग्यात टेकवून चापापर्यंत माझं बोट कुठं पोचतं ते डोळे बारीक करून बघितलं. बोट ओढून न्यावं लागत होतं.

"दस्ता अर्धा इंच कापून द्या," ते म्हणाले. "बोट चापावर आपसूक पडाया पायजे."

मग काडतुसं. पोतनीसांनी काचेवर दोन काडतुसं उभी केली, आणि आत काय असतं ते दाखवायला दोन वाट्या पुढं सरकवल्या. एकीत हरभऱ्याएवढ्या शिशाच्या गोळ्या, दुसरीत बाजरीच्या दाण्याएवढे छर्रे.

"ह्या गोळ्या एल.जी.च्या. एका काडतुसात मोजक्याच असतात. डुकराला हेच. आणि हे बारीक छर्रे सहा नंबरचे. ससा, तित्तर, पारवा. घराच्या रक्षणासाठी म्हणाल तर लोक एल.जी.च नेतात."

"एल.जी. पाच द्या," मामंजी म्हणाले. "सहा नंबर पंचवीस."

"सुभेदार, सहा नंबर एवढी कशाला? चोराला..."

"चोराला पळवायचा हाय. मारायचा न्हाई."

पोतनीस हसले नाहीत. त्यांनी एक छर्रा चिमटीत धरून मामंजींच्या डोळ्यांजवळ नेला. "हा बारीक आहे म्हणून फसू नका. पाच-दहा पावलांवरून मारलं तर हे पसरत नाहीत, एक गठ्ठा होऊन जातात. मुठीएवढं भोक पडतं."

"आणि चाळीस पावलांवरनं?"

"चाळीस पावलांवर पसरतील. कातडीत घुसतील, माणूस लोळेल. डोळ्यात नाही गेले तर मरायचा नाही."

"खात्रीनं?"

पोतनीसांनी छर्रा वाटीत टाकला. "बंदुकीची खात्री मी कुणालाच देत नाही, सुभेदार. चाळीसचे तीस झाले, तिसाचे वीस झाले, की सगळं बदलतं."

मामंजींनी वाटीतले छर्रे बोटानं पसरवून बघितले. एखाद्या चोरासाठी ह्यांनी इतकी चौकशी का करावी, हे मला तेव्हा कळलं नाही. पलटणीत माणसं मारून आलेले मामंजी, चोराच्या जिवाची खात्री मागत होते.

आठ दिवसांनी दस्ता कापून बंदूक मिळाली. घरी आल्या आल्या मामंजींनी एल.जी.ची पाचही काडतुसं आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. सहा नंबरचा डबा माझ्या हातात दिला.

"ही तुझ्याजवळ राहू दे. उतरंडीच्या मागं. पोरीचा हात पोचायचा न्हाई अशी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उंबऱ्यापासून पावलं मोजली. आमच्या घरासमोर उघडं खळं आणि त्यापुढं बांधापर्यंत सरळ वाट. चाळिसाव्या पावलावर त्यांनी एक धोंडा रोवला आणि त्याला चुना फासला. धोंड्यापाशी पेंढा भरलेलं गोणपाट उभं केलं.

"खाली मारायचं," ते म्हणाले. "गुडघ्याच्या खाली."

पहिल्या बाराला दस्त्याचा असा धक्का बसला की खांदा आठवडाभर काळानिळा होता. तिसऱ्या बाराला गोणपाटाच्या खालच्या अंगाला भोकं दिसली. मामंजी तिथं चालत गेले, वाकून एकेक भोक बोटानं चाचपलं, पेंढ्यात छर्रे किती आत गेलेत ते बघितलं आणि परत आले.

"बरं हाय," ते म्हणाले. "धोंड्याच्या अलीकडं कुणी आलं, सांगून थांबलं न्हाई, तर वाट बघायची न्हाई. लगेच मारायचं."

"कुणी म्हणजे?"

"कुणी बी," ते म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

मला वाटलं, दरोड्याचं मनावर घेतलंय.

अश्विनातली गोष्ट. आजऱ्याचा बाजार होता. मामंजी सकाळच्या गाडीनं तालुक्याला डोळे दाखवायला गेले होते. शेजारच्या मळ्यातले लोक बाजाराला गेले होते. ऊन माथ्यावर आलं होतं. मंगल आत घोंगडीवर झोपली होती आणि मी सोप्यात बसून शेंगा निवडत होते. समोरच्या वाटेनं बळवंत भावजी येताना दिसले.

इथं मला मागचं सांगायला पाहिजे, जे मी त्या दिवसापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. चैत्रात ते असेच दुपारचे आले होते, पाणी मागितलं आणि तांब्या घेताना मनगट धरलं. मी हिसका दिला, त्यात चार बांगड्या फुटल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, तेव्हा आत शिरून दार लोटून घेतलं. मंगल जागी होऊन मोठ्यानं रडायला लागली म्हणून गेले. जाताना म्हणाले, "हिंदूला कागद घातलास तर नाव तुझंच जाईल. गाव माझ्याकडनं बोलंल." त्यानंतर मी उशाशी विळा घेऊन झोपायला लागले. एका सकाळी तो उचलायचा राहिला. मामंजी पाण्याचा हंडा घेऊन आत आले, त्यांनी विळा उचलला, खुंटीला अडकवला आणि काही न बोलता बाहेर गेले. महिन्याभरात बंदुकीच्या परवान्याचा अर्ज गेला. ह्या दोन गोष्टी एकमेकींना जोडायचं माझ्या मनात आलं नव्हतं.

भावजी बांधावर आले तेव्हा मी आत गेले, बंदूक काढली, काडतूस घातलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. चौकटीला पाठ लावली.

"मामंजी न्हाईत," मी ओरडून सांगितलं. "सांजच्याला या."

"आबा न्हाईत ते मला ठाऊक हाय," ते म्हणाले. ते चालतच होते, सावकाश, टोपी हातात घेऊन वारा घेत. "मीच त्यांना गाडीत बसवून आलोय."

"भावजी, तिथंच थांबा."

त्यांनी बंदूक बघितली आणि हसले. "आबांनी खेळणं आणून दिलंय व्हय तुला. चालवाया येतं?"

"येतं. थांबा म्हणते."

ते धोंड्यापाशी आले आणि तो ओलांडून पुढं आले. मामंजींनी सांगितलं होतं, लगेच मार. मला मारता आलं नाही. दिवाळीला मी ज्यांच्या पायावर डोकं ठेवत होते तेच पाय समोरून येत होते. तानाक्काचं कुंकू डोळ्यांपुढं आलं. तिची तीन पोरं आली. पोतनीसांचं बोलणं कानात वाजायला लागलं, तिसाचे वीस झाले की सगळं बदलतं. मी जेवढी थांबेन तेवढं ह्यांचं मरण जवळ येतंय, हे मला स्वच्छ कळत होतं, आणि तरी बोट हलत नव्हतं. मी पावलं मोजत होते. पाच. आठ. ते काहीतरी बोलत होते, हिंदूला काय कळणार आहे, असं काहीतरी. बारा. आत मंगल कुशीवर वळल्याचा आवाज आला.

पंधराव्या पावलाला मी नळी खाली केली आणि चाप ओढला.

धूर गेला तेव्हा ते वाटेवर आडवे होते. उजवा पाय गुडघ्याखाली लाल झाला होता आणि ते आईच्या नावानं हाका मारत होते. मी बंदूक मधून उघडून रिकामं काडतूस टाकलं आणि दुसरं घातलं. मग ते आता उठू शकत नाहीत हे लक्षात आलं. मी बंदूक आत ठेवली, जुनं लुगडं फाडलं, जाऊन त्यांचा पाय बांधला. बांधताना ते माझ्याकडं बघत नव्हते. मीही बघितलं नाही. मग बांधावर उभी राहून मी ओरडत सुटले. ओढ्यापलीकडच्या धनगरांनी ऐकलं. त्यांनी गाडी जुंपली आणि भावजींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

मामंजी दिवस मावळायच्या सुमाराला आले. दवाखान्यातूनच आले होते. सदऱ्याच्या बाहीवर रक्त लागलं होतं. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि उंबऱ्यावर बसले. मी मंगलला मांडीवर घेऊन भिंतीला टेकले होते. आता हे मला घराबाहेर काढतील, ह्याची मी वाट बघत होते.

"किती पावलं?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस असतील."

"उशीर केलास," मामंजी म्हणाले. "चाळिसाला मारतीस तर हाड वाचलं असतं."

चोर कोण, कुठून येणार, किती लांबून येणार, कुठल्या काडतुसानं जगेल, गोणपाटाची भोकं बोटानं का चाचपायची, सगळं एकदम माझ्यापुढं उभं राहिलं.

"तुमाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

त्यांनी रक्त लागलेली बाही वर दुमडली.

"कधीपासनं?"

"तुझ्या उशाला विळा दिसला, तवापासनं."

"मग त्यांना बोलला का न्हाई? तुमी बाप. तुमी दोन शब्द बोलला असता तर..."

"पलटणीत शंभर माणसं माझ्या शब्दावर उठत-बसत होती," मामंजी म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते पण बघत होते खळ्याकडं. "ह्याला काय म्हणायचं तेच मला सुचलं न्हाई. चार येळा गावातल्या घरी गेलो. चहा घेतला आणि परत आलो. त्याला हाकलावं तर पोटचा. तुला तशीच ठेवावी तर हिंदूला काय तोंड दावू. मग म्हटलं, असं करावं, की तू वाचशील आणि तो बी मरायचा न्हाई."

"म्हंजे तुमचं काम मी केलं."

त्यावर ते उठले. "उद्या पोलीस येतील," ते म्हणाले. "शेंगांत डुक्कर शिरलं, त्याच्यावर बार काढला, त्यो मधी आला, असं सांगायचं. मी त्याच्याशी बोलून आलोय. त्यो बी हेच सांगणार."

भावजींशी बोलायला त्यांना त्या दिवशी शब्द सुचले होते.

पोलीस आले, जबाब घेतले. तिघांचं एकच होतं. बंदूक चौकीत जमा झाली. गावात लोक हळहळले, बाईच्या हातात बंदूक दिल्यावर दुसरं काय होणार म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं सांगितलं असतं तर लोक काय म्हणाले असते तेही मला माहीत होतं.

दीड महिन्यानं भावजी दवाखान्यातून घरी आले. पाय गुडघ्यात वाकत नव्हता, काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. त्यानंतर आठवड्याभरानं एका दुपारी तानाक्का शेतात आली. एकटीच, डोक्यावर पाटी. मला वाटलं, शिव्याशाप द्यायला आली. तिनं पाटी उतरवली, माझ्यासमोर बसली आणि माझ्या ढिगातल्या शेंगा ओढून फोडायला लागली.

अर्धा ढीग आम्ही दोघींनी फोडला.

"आक्का," मी म्हणाले, "तुझ्या संसाराचं मी वाटोळं केलं."

"डुक्कर न्हवतं ते," ती म्हणाली. "एवढं मला कळतं."

तिनं शेंगा खाली ठेवल्या, पदर बाजूला केला आणि चोळीची बाही दंडापर्यंत वर सरकवली. दंडाच्या आतल्या बाजूला कातडी ओढल्यासारखी झालेली, पांढरट, तळहाताएवढी. भाजल्याची खूण होती, जुनी.

"तू लगीन होऊन आलीस त्याच्या आदल्या वर्षीचं," ती म्हणाली. "चुलीतलं लाकूड. असं अजून पाठीवर हाय. तवा मी हे मामंजींना दावलं होतं. दुसऱ्या कुणाला दावणार? माझ्या माहेरी कुणी उरलं न्हाई, ते तुला ठाऊक हाय."

"काय म्हणाले?"

"झाकून घे म्हणाले. पोरं बघतील."

तिनं बाही खाली ओढली आणि पुन्हा शेंगा घेतल्या. तिच्या आवाजात राग नव्हता. रोजचं काहीतरी सांगावं तसं तिनं सांगितलं. मला आजवर वाटत होतं, मामंजींना बोलता आलं नाही ते एकदाच. पहिल्यांदा बोलता आलं नाही तेव्हा त्यांनी तिला झाकून घ्यायला सांगितलं होतं, आणि त्या गोष्टीला आठेक वर्षं होत आली होती.

"आता कसे हाईत तुझ्याशी?" मी विचारलं.

"पाय गेलाय, हात न्हाई गेला," ती म्हणाली. "काठी बी आलीया आता हातात."

त्या संध्याकाळी मामंजी जेवायला बसले. मी त्यांना भाकरी वाढली आणि समोरच बसले. सुनेनं असं समोर बसायची आमच्याकडं रीत नव्हती. त्यांचा हात थांबला.

"मामंजी, आक्का आणि पोरं उद्यापासनं हितं राहतील," मी म्हणाले. "माझ्याजवळ."

"आणि बळवंत?"

"त्यांचा पाय शेकाया, त्यांना भाकर कराया माणूस लागंल. तुमी जावा तिकडं."

"मी?"

"तुमी त्यांचं वडील हायसा. त्यांच्याशी काय बोलायचं ते रोज बोला, न्हाई सुचलं तर नका बोलू. पण आक्का आता त्या घरात जायाची न्हाई. मी हिंदुरावांना सगळं कागदावर लिवलंय. डुकराचं न्हाई. खरं." तो कागद मी अजून टपालात टाकला नव्हता, पण लिहिला होता, हे खरं.

मामंजींनी ताटातली भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. मला वाटलं ते ओरडतील. त्यांच्या घरात, त्यांच्या समोर बसून, मी त्यांना बाहेर काढत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तानू यायला तयार हाय?"

"तुमी तिला इचारा. आजवर कुणी इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपली ट्रंक घेऊन गावातल्या घरी गेले. पोरं, भांडी आणि दोन बोचकी घेऊन तानाक्का दुपारच्या आत आली. हिंदुराव माघात सुट्टीवर आले, कागद त्यांना मिळाला होता. दोन महिने ते भावाच्या दारात गेले नाहीत आणि मलाही काही बोलले नाहीत, फक्त जाताना तानाक्काच्या पाया पडले. मामंजी त्यानंतर अकरा वर्षं जगले, बळवंत भावजींच्या सोबत, एका छपराखाली. स्वयंपाक मामंजी करायचे. दोघं एकमेकांशी काय बोलायचे, बोलायचे का, हे मला कधी कळलं नाही, आणि मी विचारायला गेले नाही.

तानाक्का आली त्या रात्री आम्ही मोठी घोंगडी अंथरून चारही पोरांना मधे घेतलं. सकाळी मी उठले, पाणी आणलं, चूल पेटवली, पोरांना भाकरी दिली. ती झोपलीच होती. पोरं दंगा करायला लागली तेव्हा मी त्यांना बांधावर नेलं. ऊन खळ्यात आलं, सोप्यात आलं, तिच्या पायापर्यंत आलं. तिला मी उठवलं नाही.